सात वाजताचा मेसेज

“तो सर्व्हर आपोआप चालू होईल असं काही करू नकोस. रोज सकाळी मी बटण दाबतो, तुला मेसेज येतो, म्हणून तर तुला कळतं की म्हातारा उठला,” नाशिकला एकटे राहणारे नाना फोनवर बजावत होते. त्यांच्या लेकीनं, केतकीनं ऐकलं नाही. तिच्या बाळाचे फोटो साठवणारा, नानांच्या घरी ठेवलेला तो सर्व्हर नाना कधी चालू करायला विसरत, कधी बंद करायला. तिनं ठाण्यात बसून वेळ लावून टाकली. सकाळी सातला चालू, रात्री दहाला बंद.

“मग आता त्या डबड्याशीच बोलत जा,” म्हणून नानांनी फोन आपटला.

तिनंही चार दिवस फोन केला नाही. सात वाजता ‘सर्व्हर चालू झाला’ असा मेसेज यायचा आणि जुन्या सवयीनं तिला वाटायचं, उठले नाना. आज बाळाला पेज भरवताना तिचा हात मध्येच थांबला. बटण आता कुणी दाबतच नव्हतं.

नाना फोन उचलेनात. तिनं त्यांच्या समोरच्या गायधनीकाकांना लावला.

“पार्किंगवरून माझी तक्रार करताना तुझ्या बापाला शेजारी आठवला नाही. आता बरा आठवला,” म्हणत त्यांनी फोन ठेवला.

नानांच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीही होती. तिथं तिनं लिहिलं, ‘हे जे कुणी वाचत असाल, ते आधी पहिल्या मजल्यावर जा. चार नंबरचं दार वाजवा. माझ्या नानांनी उघडलं नाही, तर तोडा.’