बनीचा हंडा

भोरच्या चौकात घोड्यावर बसलेल्या सरदारांचा पुतळा आज उघडा झाला होता. झाडून सगळे मान वर करून त्यांच्या पगडीकडे आणि मिशांकडे बघत होते. उत्रोलीची साळूबाई तेवढी घोड्याचे पाय न्याहाळत उभी होती. घोडा काळपट होता. तिचा हंडा लालबुंद, चिंच लावून घासला की तोंड दिसायचं त्यात.

"ह्यात कुठं आला आसंल?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"काय?"

"बनीचा हंडा."

हरिबानं मुंडासं सारखं केलं आणि दुसरीकडे पाहिलं.

पुतळ्यासाठी गावोगाव तांब्यापितळेची मोड गोळा झाली, तेव्हा कुणी गळकी घागर दिली, कुणी चेपलेली परात. लोक काय, शहाणेच असतात. हरिबानं मात्र चांगला धडधाकट हंडा उचलून दिला. साळूबाई त्या दिवशी भात लावायला गेली होती. लेकीच्या लग्नातला हंडा तो; त्याच्या काठावर तांबटाकडून तिचं नाव घालून घेतलेलं. बनी सासरी तापानं गेली आणि वर्षाच्या आत हंडा तेवढा माघारी आला. पोरीचं नाव दुसरं कुठं लिहिलेलंच नव्हतं. साळूबाईला वाचता येत नव्हतं, पण घासताना बोटांना अक्षरं लागायची आणि तेवढ्या वेळापुरती बनी घरात असायची.

"वितळवल्याव काय सांगायचं, ह्या पायात हाय का त्या पायात," हरिबा हळूच म्हणाला. "सारखा डोळ्याम्होरं असायचा. मला बघवत न्हवतं."

"मग मला तरी इचारायचं."

त्याचे डोळे भरलेले बघून साळूबाईला भांडायचीही सोय उरली नाही. तोही पोरीचा बापच होता.

चौथऱ्यावर संगमरवरी पाटी होती. तिच्यावर ओळीनं नावं कोरलेली. शेजारी शाळेचे मास्तर उभे होते, त्यांना तिनं विचारलं, "मास्तर, ह्यात आमच्या बनाबाईचं नाव हाय का वो?"

मास्तरांनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"नाही बाई. मोठ्या देणगीदारांचीच आहेत."

दर्शनाची रांग पुढं सरकली. सरदारांचे पाय उंचावर, म्हणून लोक घोड्याच्याच खुराला हात लावून पाया पडत होते. साळूबाईची पाळी आली. तिनं हात जोडले नाहीत. तांबटाच्या दुकानात हंडा घेताना वाजवून बघतात, तसं तिनं बोटाच्या पेरानं खुरावर वाजवलं आणि कान जवळ नेला. बद्द आवाज आला. पुन्हा वाजवलं. तिचा हंडा खणखणीत होता, ओसरीवर टेकवला तरी परड्यात ऐकू यायचा.

"ओ बाई!" बंदोबस्ताचा शिपाई काठी आपटत आला. "पाया पडा आन् व्हा म्होरं. भांडं हाय का त्ये, वाजवून बघाया?"

"व्हतं," साळूबाई म्हणाली, आणि मागच्या बाईला वाट करून दिली.