पुलावरचा पहारेकरी

निलेशने कॉम्प्युटर गेममधलं ते मिशन पार केलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. बर्फातला पूल, पुलावर शत्रूचा एक पहारेकरी, आणि त्याची नजर चुकवून पलीकडे न्यायचे चार कमांडो. पहारेकरी बघेल तेवढी जमीन हिरवी दिसते. त्या हिरव्यात पाय पडला की खेळ खलास. गेम पंचवीस वर्षांपूर्वीचा, पण निलेशची बोटं काही विसरली नव्हती.

त्याने गेम थांबवला आणि मोबाईल उचलला.

"अडलात?" बिरड्यासाठी वाल सोलत बसलेल्या नमिताने विचारलं.

"या पहारेकऱ्यापाशी. सुजयला विचारतो."

नमिताचे हात थांबले. रोह्याहून पेणला यायला असं किती अंतर, पण सुजयने, तिच्या धाकट्या दिराने, दोन वर्षांत या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. वास्तुशांतीच्या पत्रिकेत त्याचं नाव छापायचं राहिलं होतं. चूक प्रेसवाल्याची, असं निलेशने गावभर सांगितलं. सुजयला तेवढं सांगायचं राहिलं. थोरल्याला कमीपणा घ्यायला जरा वेळ लागतो, आणि याला जास्तच लागला. भावाची आठवण मात्र रोज यायची. रविवारी तर फारच.

"मोबाईलवर व्हिडिओ असतात की सगळे," नमिता म्हणाली.

"असतात," निलेश म्हणाला आणि फोन लावला.

"बोल," पलीकडून सुजय म्हणाला. दादा नाही, काही नाही.

"तो आपला जुना गेम लावलाय. पुलावरचा पहारेकरी हलतच नाय. काय करायचं रे?"

पलीकडून कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली. आता हा फोन ठेवणार, असं निलेशला वाटलं.

"आडवा हो," सुजय शेवटी म्हणाला. "उभ्याने गेलास तर दिसशील. कठड्यापर्यंत सरपटत जा."

"व्हय. गेलो."

"आता सिगरेटचं पाकीट टाक. लांब टाक. ते उचलायला तो पाठ फिरवतो."

"टाकलं."

निलेशचा हात माऊसवर नव्हताच. नमिताने ते बघितलं आणि पुन्हा वाल सोलायला घेतले.

सुजय सांगत राहिला. आधी दोघं, मग उरलेले, घाई नाय करायची. सांगता सांगता त्यालाच घाई झाली. "अरे, त्या जाड्याला आधी ने रे दादा, तो मागे राहतो," असं एकदा तो चिडूनही बोलला. निलेश नुसता व्हय, व्हय करत होता.

"झाला पूल पार?"

"झाला."

"दादा, हे मिशन तूच मला शिकवलंस. बारावीच्या सुट्टीत. पाकिटाची युक्तीपण तुझीच."

"ते पत्रिकेचं..." निलेशने कशीबशी सुरुवात केली.

"राहू दे ते," सुजय म्हणाला. मग त्याने विचारलं, "पुढचं धरणाचं मिशन येतं तुला?"

धरणाचं मिशन दोघांनाही तोंडपाठ होतं.

"नाय येत," निलेश म्हणाला.

"मग उद्या फोन कर. शिफ्ट चारला सुटते माझी."