रश्शातलं मीठ

सवेताचा नवरा वारून सहा आठवडे झाले. रोमा जिप्सी तांबटांच्या रीतीप्रमाणे त्याच्या वयाच्या यांकोला नवे कपडे, काळी हॅट चढवून जेवायला बसवलं. आजच्या दिवसापुरता यांको म्हणजेच तिचा नवरा; जेवून तो शेवटचा निरोप घेणार. सवेताने त्याच्यापुढे रस्सा वाढला. शेवटच्या दिवशी "रस्सा अळणी आहे" म्हणून नवरा कुरकुरला होता. "मग दुसरीकडं जाऊन गिळ!" ती फणकारली होती. हंडे घेऊन तो उपाशीच जत्रेला गेला, तो परतलाच नाही. यांको पहिल्या घासाला थबकला. मग मुकाट्याने सगळं संपवून त्याने पावाने वाडगा पुसला. "आज मीठ बरोब्बर पडलंय, सवेता. पोट भरलं. निघू?" सवेताने पातेल्यातला रस्सा चाखला. मीठच मीठ! सकाळी रडत रडत किती मुठी टाकल्या, तिलाच आठवेना. "लबाड!" त्याची हॅट सारखी करत ती हसली. "जा आता. जपून जा."