काळ्या पॉपीचं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही नगरकर आंघोळीचं पाणीही टाकत नव्हतो. शेजारचे सूर्यभानराव ओव्हरसिअर सगळ्या घराला परातीत बसवून आंघोळ घालीत आणि ते पाणी बागेतल्या काळ्या पॉपीला देत. एकदा लावली की दरवर्षी त्याच मुळातून फुटणारी ही झाडं त्यांना कॅम्पातल्या एका कॅप्टनने बदली होताना दिली होती. पुष्पप्रदर्शनात बक्षीस मिळवणं, एवढीच त्यांची आयुष्यात इच्छा उरली होती.

पण भेगाळलेली माती पाणी पिईना. ते दिवसभर आळ्यात साचून राही.

एकदाच ते झर्रकन जिरलं. त्या सकाळी ते सूर्यभानरावांच्या आई केशरबाईंच्या आंघोळीचं होतं. त्याच संध्याकाळी त्या गेल्या आणि आठव्या दिवशी एक काळंभोर फूल उमललं. सूर्यभानरावांनी सुतकातच ते सगळ्या आळीला दाखवलं. महिना झाला तरी ते कोमेजलं नाही. पण प्रदर्शनाला किमान दोन फुलं लागत, म्हणून सूर्यभानराव हळहळत.

एका सकाळी मी कुंपणाशी उभा होतो. सूर्यभानरावांनी बायकोच्या, चांगुणावहिनींच्या आंघोळीची बादली आळ्यात ओतली. पाणी क्षणात गडप झालं.

वहिनी केस पुसत दारात आल्या. सासूबाई गेल्यापासून त्या रोज विचारीत, तसंच त्यांनी विचारलं, "आज जिरलं न्हाई ना वो?"

"न्हाई गं, साचलंय तसंच. आत जा, वारं लागंल."

त्या हसून आत गेल्या. सूर्यभानरावांनी खिशातून प्रदर्शनाचा अर्ज काढला, भिंतीला टेकवला आणि फुलांच्या रकान्यात 'दोन' असं लिहिलं.