चिठ्ठ्यांचं रबर

"पाण्याच्या टाकीवरून बोलतोय. वारा फिरलाय, धूर बंबवाल्यांच्या अंगावर चाललाय. त्यांना मागे घ्या. ओव्हर."

नियंत्रण कक्षात पोलिसांचा वायरलेस सांभाळणाऱ्या वायदंडेबाईंनी सवयीने चिठ्ठी लिहायला घेतली. दोन खात्यांचे सेट एकमेकांशी जुळत नसत. समोरच्या अग्निशमनच्या टेबलावर निरोप चिठ्ठीनेच जायचा, सहीशिक्क्यासह.

शिक्का उचलताना त्या थांबल्या. आग लागलेल्या केमिकल कारखान्याच्या आवारात बंबावरची सहा माणसं होती. त्यांनी आपला सेट नेऊन अग्निशमनच्या धामणकरांपुढे उभा केला. "तुमचा याच्या तोंडाशी धरा."

"साहेबांना विचारायला हवं," धामणकर पुटपुटले. पण हात पुढे झालाच होता. त्यांनी आपल्या सेटचं बटण दाबून धरलं.

"टाकी, परत बोला," वायदंडेबाई म्हणाल्या. "आता बंबवालेच ऐकतायत."

टाकीवरचा शिपाई बोलला. धामणकरांनी बटण सोडलं. बराच वेळ नुसती खरखर. मग त्यांच्या सेटमधून धापा टाकत आवाज आला, "सहाही जण बाहेर आलोय. टाकीवाल्याला सांगा, बोलत राहा. ओव्हर."

धामणकरांनी जुन्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याचं रबर काढलं आणि दोन्ही सेट एकत्र बांधले.