चार बोटं कापड

मुलीचा नवा फ्रॉक उलटा करून बाईने मास्तरांच्या शिलाई मशीनवर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, आत एवढं कापड का दुमडून ठेवलंय?"

चाळीस वर्षांत मास्तरांना हे कुणी विचारलं नव्हतं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पोरीच्या फ्रॉकला खालून चार बोटं आणि दोन्ही बाजूंना बोटभर जादा कापडाची माया ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता. पोर वाढली की उसवायचं, फ्रॉक आणखी दोन वर्षं चालतो. मग तो धाकटीला. मग शेजारच्यांच्या पोरीला. एक लाल फ्रॉक तर पाच घरं फिरला होता, आणि पाचही पोरी तो आपलाच म्हणून भांडल्या होत्या. त्यांतलं एकही घर आता गल्लीत उरलं नव्हतं.

त्या घरांच्या जागी उंच इमारत झाली होती. ही बाई तिथल्याच नवव्या मजल्यावरची. बिल्डरला आता मास्तरांचं दुकान आणि मागची राहती खोलीही हवी होती. जागा सोडल्याचा कागद वर्षभर कपाटात पडून होता, सहीवाचून. बायको रोज मागे लागायची. सगळे गेले, आपण कुणासाठी अडून बसलोय? मास्तरांचं उत्तर ठरलेलं. आज नवे आहेत, उद्या तेही गल्लीचे होतील. माणूस महाहट्टी. बिल्डरने नळ तोडला तरी ढिम्म हलला नाही, लांबून बादल्या वाहत राहिला. नवेही गल्लीचे होतील या भरवशावरच त्यांनी या बाईच्या मुलीच्या फ्रॉकलाही चार बोटं ठेवली होती, न विचारता.

त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं, अगदी हौसेने. तिनेही ऐकून घेतलं. बाई मनाने वाईट नव्हती.

"छान आहे हो. पण कापून टाका," ती म्हणाली. "घेर जड होतो. आणि पुढच्या वर्षी आम्ही इथे नसणार. आमच्या आधीचे तर सहा महिन्यांत गेले. इथे कायमचं कोण राहतं, मास्तर?"

मास्तरांनी कात्री घेतली, कापड सरळ रेषेत कापलं, नवी टीप घातली आणि फ्रॉक इस्त्री करून तिच्या हाती दिला. तिने आभार मानले.

ती गेल्यावर ते मागच्या खोलीत आले आणि त्यांनी बायकोकडे तो कागद मागितला. वर्षभर हेच ऐकायला ती आसुसली होती. पण त्यांचा चेहरा पाहून घाबरलीच. बिल्डरची माणसं आली होती का, काही दमदाटी केली का, असं तिने विचारलं.

"नाही गं," सही करता करता मास्तर म्हणाले. "ज्यांच्यासाठी आपल्याला उठवताहेत ना, त्यांनाही इथे राहायचं नाहीये."