धरणाचा भोंगा

"दादासो, भोंगा कवा वाजतोय रं?"

सकाळपासून धरणाच्या फाटकावर आकारामच्या खेपा चालल्या होत्या. धरणाचा वॉचमन दादासो एरवी कुणालाही वसकन अंगावर जायचा, पण आज त्याला म्हाताऱ्याची दयाच येत होती. आकारामची एकुलती एक लेक, प्रांजल, सांगलीत नदीकाठच्या गल्लीत दिलेली. भोंगा वाजवून धरणाचे दरवाजे उचलले की पाणी आधी त्याच गल्लीत शिरायचं. मागच्या महापुरात तिचे सासू-सासरे थोरल्या मुलाकडे पाचगणीला गेले आणि प्रांजल इथं माहेरी आली होती.

"तात्या, सायबांची मीटिंग चाललीया. पाऊस थांबला तर न्हाईत उचलायचे. तुमी घरी जावा. लय जिवाला लावून घेऊ नका."

पण आकारामचा पाय निघेना. तो धरणाच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि डोळे मिटून त्यानं हात जोडले. बघून दादासोलाही भरून आलं. देवा, ऐक ह्याचं, तो मनातल्या मनात म्हणाला.

आकारामचा फोन वाजला. प्रांजलच होती. आवाज दबका, सासू जवळपास असणार.

"तात्या, सोडत्यात का वो पाणी?"

"अजून कळंना. तू कपडं भरून ठेव."

"कवाच भरून ठेवल्यात."

फोन ठेवून तो पुन्हा भिंतीकडे बघत राहिला. लग्नातल्या मानपानावरून व्याह्यांशी बिनसलं ते बिनसलंच. दिवाळी गेली, पंचमी गेली, लेकीचं तोंड दिसलं नव्हतं. आणि आता हे पाणी. त्याला एका जागी बसवेना.

घरी बयाबाईनं माडी झाडून वाकळा काढून ठेवल्या होत्या. पुरातनं येणारं माणूस गारठून येतं, असं तिचं म्हणणं.

दुपार कलली तसे डोंगरावरचे ढग फाटले. ऊन पडलं. दादासो पळतच आला.

"तात्या, वाचली गल्ली. आवक घटली, दरवाजे न्हाईत उचलत. आता निवांत झोपा."

त्यानं आपल्या खर्चानं चहा पाजला. आकारामनं तो कसाबसा संपवला आणि घरची वाट धरली.

बयाबाई उंबऱ्यातच उभी होती. नवऱ्याचं तोंड तिनं पाहिलं. आत गेली आणि एकेक वाकळ पुन्हा ट्रंकेत भरू लागली.

"म्हंजी औंदाबी न्हाई यायची लेक," ती म्हणाली. "पुराबिगर कोन धाडतंय तिला माहेरी?"